चिकू गुरगुरली, मग ब्रूनोला नाही म्हणायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो, पहिला मजला, दोन बेडरूम. घरात आम्ही दोघं, कॉलेजला जाणारी मुलगी, सासूबाई, सात वर्षांची पॉमेरेनियन चिकू (नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही) आणि चार वर्षांची मांजर मनी. चिकू आणि मनीचं बरं चाललंय, म्हणजे मैत्री नाही पण भांडणही नाही. मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकांची बेंगळुरूला बदली झालीय, पुढच्या महिन्यात जातायत, त्यांचा दीड वर्षाचा शिहत्झू ब्रूनो त्यांना नेता येत नाहीये म्हणून आम्ही घ्यावा असं म्हणतायत. मिस्टर एका पायावर तयार आहेत, म्हणतात आपण दोघं कामाला गेलो की चिकू भुंकत बसते, तिला सोबत होईल. मागच्या रविवारी ते ब्रूनोला घेऊन घरी आले, मी चिकूला कडेवर घेऊनच दार उघडलं तर ती अशी गुरगुरली की विचारू नका, मनी कपाटावर चढली ती रात्रीच उतरली, आणि ब्रूनोने सोफ्यावर तंगडी वर केली ते वेगळंच. सासूबाई म्हणतात सोडून द्या दोघांना, आपसात बघून घेतील. मला भीती वाटतेय. आणावा का?

उत्तर : आणायचा की नाही ते सांगते, पण आधी रविवारचं बघू, कारण तुम्ही सगळ्यांनी त्या एका भेटीवरून चिकूचा निकाल लावून टाकलाय असं दिसतंय. तिच्या बाजूने बघा ना, दार तिचं, माणसं तिची, समोरून अनोळखी कुत्रा थेट तोंडासमोर येतोय आणि ती तुमच्या कडेवर, म्हणजे मागे सरकायची सोय नाही. अशात गुरगुरली तर काय चुकलं तिचं? लहान कुत्री पाळणाऱ्यांना ही सवयच असते, जरा काही झालं की उचललं, त्याने खालचा उड्या मारायला लागतो आणि वरचा अजून चवताळतो. आणि हो, तेव्हा तिला ओरडलात का हे तुम्ही लिहिलं नाहीये, ओरडला असाल तर इथून पुढे नका ओरडू. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच असतं, ते दटावून बंद केलं तर मनातली भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते आणि मग एक दिवस ती न गुरगुरता सरळ चावते, आणि लोक म्हणतात काही कारण नसताना चावली.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं या बाबतीत ऐकू नका. गल्लीतल्या कुत्र्यांना पळून जायला अख्खी गल्ली असते म्हणून ते आपसात बघून घेऊ शकतात, तुमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधे हरणारा जाणार कुठे? त्यात ब्रूनो चपट्या तोंडाचा. शिहत्झू, पग वगैरेंच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, भांडणात मानेला नुसता हिसडा बसला तरी डोळा बाहेर येऊ शकतो. खरंच येतो, आणि मग तासाभराची घाई असते, ओला स्वच्छ कपडा त्यावर धरून दवाखान्याकडे पळायचं, डोळा स्वतः आत ढकलायचा नाही. घाबरवायला नाही सांगत, पण 'छोटेच तर आहेत, काय करणार एकमेकांना' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा, सोबत होईल म्हणून दुसरा आणायचा. जो कुत्रा माणसं घराबाहेर गेली म्हणून बेचैन होतो त्याला माणूस हवं असतं, दुसरा कुत्रा समोर बसवला तरी बहुतेक वेळा तो तसाच बेचैन राहतो, आणि नवीन त्याच्याकडून भुंकणं शिकला तर शेजाऱ्यांना दोन आवाज. तुम्ही एक करा, घरातला जुना मोबाईल व्हिडिओवर लावून कामाला जा. पत्रात 'भुंकत बसते' लिहिलंय पण कधी आणि किती ते नाहीये. कचरा गाडीचं गाणं आलं, कुरियरवाला आला की भुंकते आणि बाकी वेळ झोपते असं दिसलं तर तो प्रॉब्लेमच नाहीये, इंदूरमधली अर्धी कुत्री सकाळी त्या गाडीला उत्तर देतात. पण तुम्ही दार ओढल्यापासून रडतेय, दार खरवडतेय, लाळ गाळतेय असं दिसलं तर आधी तिचं बघा, डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवा, ब्रूनो नंतर. आणि दिवसभर सासूबाई घरात असतात ना, मग ती एकटी कशी? हेही जरा व्हिडिओतच कळेल.

म्हणजे ब्रूनो आणायचाच असेल तर तुम्हाला हवाय म्हणून आणा. त्यात वाईट काही नाही. त्याचं ओझं चिकूवर टाकू नका एवढंच म्हणणं आहे, नाहीतर महिन्याने 'हिच्यासाठी आणला आणि हीच नखरे करते' असं सुरू होतं.

तुमची जोडी तशी वाईट नाही. एक मादी एक नर हे चांगलं, एकाच घरातल्या दोन माद्यांची भांडणं लागली तर ती जास्त चिवट असतात असा डॉक्टरांचा अनुभव आहे. आकारही जवळपास सारखा, वयात अंतर आहे पण ब्रूनो दोन-तीन महिन्यांचं पिल्लू नाहीये हे चिकूच्या दृष्टीने बरंच झालं, सात वर्षांच्या बाईंच्या शेपटीला दिवसभर कोणी लटकणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमच्या हातात महिना आहे. लोकांकडे शुक्रवारी फोन येतो आणि शनिवारी कुत्रा दारात असतो, तुम्हाला ब्रूनो परत त्याच्या घरी पाठवता येतोय तोवर सगळं तपासून घ्या.

घरी आणू नका आता. बाहेर भेटवा, चिकू रोज जिथे सू करते ती गल्ली सोडून दुसरी, जरा शांत, मोकाट कुत्री कमी असलेली. दोन माणसं, दोन पट्टे, आणि पट्टा गळ्याला नको, छातीचा हार्नेस घ्या, पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते, ओढाताणीत तिला लगेच खोकला सुरू होतो. समोरासमोर आणायचं नाही, एकाच दिशेने चालायचं, मधे रस्त्याची रुंदी ठेवून. दोघं जमिनीचे वास घेत, इकडे तिकडे बघत चालायला लागले की थोडं अंतर कमी करा, परत चाला. मग कधीतरी एकमेकांच्या मागचा वास घेऊ द्या, दोन-तीन सेकंद, आणि हाक मारून पुढे निघा, पट्टा ताणून नाही, ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याचं अंग आपोआप ताठ होतं आणि समोरच्याला वाटतं हा भांडायला आलाय. पहिल्या दिवशी वास घ्यायची वेळ आलीच नाही तरी चालेल. ऊन असताना नको, मे महिन्यात आपल्याकडे ४०-४२ सहज जातं आणि शिहत्झूला धड धापाही टाकता येत नाहीत, सूर्य गेल्यावर डांबरावर हात ठेवून बघा आणि मगच निघा.

काय बघायचं ते सांगते, कारण या दोघांचं वाचणं थोडं अवघड आहे. शेपूट बघून काही कळणार नाही, पॉमची आणि शिहत्झूची दोघांचीही पाठीवर वळलेलीच असते. चिकूच्या केसांच्या गठ्ठ्यात पाठीवरचे उभे राहिलेले केसही दिसत नाहीत. तेव्हा तोंड आणि कान बघा, तोंड मिटलेलं, अंग थिजलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, जांभया देतेय किंवा उगाच ओठ चाटतेय म्हणजे पुरे झालं, अंतर वाढवा. तोंड सैल, अंग वळवळतंय, मधेच अंग झटकलं, हे चांगलं. आणि ब्रूनोच्या डोळ्यांवर केस येत असतील तर ते आधी कापून घ्या किंवा वर बांधा, गंमत नाही करत, त्याचे डोळे चिकूला दिसत नसतील तर तिला त्याचा अंदाज येत नाही आणि त्यालाही बाजूने कोण येतंय ते कळत नाही.

दवाखान्याची कामंही याच महिन्यात उरका. ब्रूनोचं लसीचं कार्ड मागा, नाईन-इन-वन किंवा जे काही दिलंय ते आणि अँटी-रेबीज, दोन्ही चालू आहेत का बघा, कार्ड 'कुठेतरी आहे' असं उत्तर आलं तर लसी नाहीतच असं धरा आणि डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. शौचाची तपासणी, जंताचं औषध, आणि गोचीड. गोचिडांवाटे एर्लिचिया आणि बेबेसिया येतात, लोक त्याला टिक फीवर म्हणतात, वरून कुत्रा ठणठणीत दिसतो, म्हणून रक्त तपासून घ्या. इथे मनीमुळे एक गोष्ट ठळक अक्षरात लिहा हो संपादक : कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला जीवघेणं आहे. ब्रूनोच्या मानेवर ते लावलं आणि मनी त्याला घासली किंवा चाटली तरी झटके येऊ शकतात. औषध घेताना 'घरात मांजर आहे' हे आधी सांगायचं.

आणि ऑपरेशन. चिकू दर सहा-आठ महिन्यांनी माजावर येत असेल, ते जवळपास तीन आठवडे चालतं, आणि दोन बेडरूमच्या घरात त्या तीन आठवड्यांत दीड वर्षाच्या नराला तिच्यापासून लांब ठेवणं म्हणजे तुम्ही सगळ्यांनी नोकऱ्या सोडून दारं सांभाळत बसणं. ६३ दिवसांनी पिल्लं, तीही पहिल्यांदाच सातव्या वर्षी, नको तो प्रकार. ब्रूनोचं ऑपरेशन त्याच्या आत्ताच्या मालकांनीच करून द्यावं असं सांगा, संकोच करू नका, एवढं तर ते करतीलच. झाल्यावरही महिनाभर तो बाप होऊ शकतो हे लक्षात असू द्या. चिकूचंही करायला हवं असं माझं मत, ब्रूनो आला नाही तरी. ऑपरेशन न झालेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयात पू होतो, स्वीडनमधल्या इन्शुरन्सच्या नोंदींत दहा वर्षांपर्यंत साधारण चारातल्या एका मादीला हे झालेलं दिसलंय. सातव्या वर्षी आधी रक्त तपासणी करून डॉक्टर ठरवतील. मोठं काही निघालं तर महूचं वेटर्नरी कॉलेज तुम्हाला जवळच आहे.

बाहेरच्या भेटी चार-पाच वेळा नीट झाल्या की मग घर. आणायच्या आधी ब्रूनोची चादर आणून चिकूच्या जेवणाच्या जागेजवळ टाका, तिची त्याच्याकडे पाठवा. ज्या दिवशी आणाल त्या दिवशी आधी बाहेर दोघांना मिळून फिरवा आणि तिथूनच बरोबर घरात या. चेंडू, चावायची हाडं, चिकूची गादी, भांडी सगळं आधीच उचललेलं असू द्या. पट्टे अंगावरच ठेवा, जमिनीवर लोळू देत, काही झालं तर हात न घालता लांबून ओढता येतं. भांडण लागलंच तर मधे हात घालायचा नाही, जाड चादर दोघांवर टाका नाहीतर पातेल्यावर झाकण आपटा. चुकून चावलंच कोणाला तर साबण आणि नळाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर, 'घरचाच आहे' म्हणून सोडायचं नाही. गौरी-गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना किंवा दिवाळीच्या फटाक्यांत आणू नका, रंगपंचमीला तर अजिबात नाही, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, रजवाड्याला असली तरी तो दिवस गल्लीतही धिंगाण्याचाच असतो.

जेवण वेगवेगळ्या खोलीत, दार लावून, आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडी उचलायची, भरलेली असली तरी. पण खरी भांडणं भांड्यावरून होतच नाहीत, ती होतात टेबलाखाली, जिथे कोणीतरी प्रेमाने पोळीचा तुकडा टाकतं. पत्रात लिहिलेलं नाहीये तरी ते कोण करतं हे मला माहितीये आणि तुम्हालाही. सासूबाईंना सांगा द्यायचंच असेल तर दोघांना दोन टोकांना बोलवून त्यांच्या हाताने द्या, आणि पोह्यांतला कांदा, शेव, शिऱ्यातले बेदाणे नाहीच, कांदा आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. सासूबाईंसाठी अजून एक, ब्रूनोच्या हार्नेसला घुंगरू बांधा. पायात घुटमळणारे दोन लहान कुत्रे आणि म्हातारं माणूस, रात्री बाथरूमला उठल्यावर अडखळून पडायला वेळ लागत नाही.

चिकूच्या ज्या सवयी आहेत त्यांना हात लावू नका. सकाळी पहिली ती बाहेर जात असेल तर तीच जाणार, तुमच्या मुलीच्या पलंगावर झोपत असेल तर झोपणार. दोघांना अगदी सारखं वागवायचं हे माणसांच्या मुलांना ठीक आहे, इथे आधीची आहे तिचं काही कमी झालं नाही हे तिला दिसायला हवं, आणि दिवसातून थोडा वेळ तुम्ही दोघीच, ब्रूनोशिवाय. त्याचा थोडा वेळ मुलीने घ्यावा.

मनीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय पण मला तिची जास्त काळजी वाटते, कारण कुत्री भांडली तर ऐकू येतं, मांजर गप्प राहून आजारी पडतं. तिला जमिनीवर न उतरता हॉलमधून बेडरूममध्ये जाता येईल असं बघा, कपाट, फळी, खिडकीचा कट्टा. तिचं जेवण वर कुठेतरी. लिटरचा ट्रे अशा जागी की कुत्रा पोचणार नाही, बाथरूमच्या दाराला साखळी लावून मांजरापुरती फट ठेवली तरी होतं, नाहीतर ब्रूनो त्या ट्रेमध्ये खाऊ शोधणार, कुत्र्यांना ते फार आवडतं, सॉरी पण खरं आहे. सुरुवातीला बंद दाराआडून वास, मग ब्रूनो पट्ट्यावर आणि मनी मोकळी, कधीच उलटं नाही, आणि तिला उचलून त्याच्यासमोर धरायचं तर नाहीच नाही. एक दिवसापेक्षा जास्त जेवली नाही तर डॉक्टर, मांजराचं उपाशी राहणं लिव्हरवर जातं.

सोफ्यावरचं मुतणं होईल अजून काही वेळा, ऑपरेशनने कमी होतं पण सवय असेल तर लगेच जात नाही. तो घरात फिरताना नजरेसमोर ठेवा आणि दर दोन तासांनी खाली न्या. पुसायला फिनाईल नको, फिनॉल मांजराला विषारी, पंजाला लागलं की ती चाटणार. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाईमवाला क्लीनर मिळतो, तोच घ्या, त्याने वास मुळातून जातो, नुसत्या अत्तरी वासाने ब्रूनो फसत नाही.

किती दिवस लागतील? तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस तो गोंधळलेला, तीन आठवड्यांत रुळतो, तीन महिन्यांनी घरचा होतो. पहिल्या तीन दिवसांत गुणी बाळासारखा वागला म्हणून लगेच मोकळं सोडू नका, अजून तो पाहुणाच असतो, खरा ब्रूनो नंतर दिसेल. तोपर्यंत तुमच्यापैकी कोणी लक्ष द्यायला नसेल तेव्हा दोघं वेगळ्या खोल्यांत.

तर आणावा का? हो, माझ्या मते प्रयत्न करण्यासारखा आहे, पण बेंगळुरूची गाडी सुटायच्या आत. चार-पाच फेऱ्यांनंतरही चिकू त्याला बघून थिजत असेल, किंवा ब्रूनो मनीकडे न भुंकता, न हलता, टक लावून बघत बसत असेल आणि हाक मारली तरी मान वळवत नसेल, तर नाही म्हणा, आणि वेळेत म्हणा म्हणजे त्यांना दुसरं घर शोधता येईल. शिहत्झूला घर मिळतं हो, त्याचं टेन्शन मिस्टरांनी घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे रामबागेत दोन कॉकटील (तुरेवाले विदेशी पोपट) आहेत, आता मुलाला डॅशहुंड हवाय. जमेल का?

उत्तर : एका घरात जमेल, एका खोलीत नाही. डॅशहुंड जर्मनीत बिळातल्या प्राण्यांची शिकार करायला तयार केलेली जात आहे, फडफड दिसली की त्याच्या डोक्यातलं बटण दाबलं जातं, त्यात त्याचा दोष नाही. पिंजरा त्याच्या उडीच्या वर, भिंतीला पक्का, आणि पक्षी मोकळे सोडाल तेव्हा कुत्रा बंद दारामागे, दर वेळी. 'आता ओळख झाली' म्हणून एक दिवस दार उघडं ठेवतात आणि तोच दिवस नडतो. दुसरं म्हणजे त्याची पाठ, साधारण दर चार-पाच डॅशहुंडांत एकाला मणक्यातल्या चकतीचा त्रास होतो, तेव्हा सोफ्यावरून उड्या आणि जिने नकोत, पिंजऱ्याकडे झेपा घेणं तर त्याहून नको. जमत असेल तर मोठा, शांत, पक्षी असलेल्या घरात वाढलेला कुठलाही कुत्रा बघा. कॉकटील पाळायला हरकत नाही, पण कोणी देशी पोपट आणून देतो म्हणालं तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पिंजऱ्यात ठेवता येत नाही.

प्रश्न : घरी एक म्हातारी लॅब्रेडॉर आहे. पगची दोन सख्खी पिल्लं मिळतायत, पाच आठवड्यांची, विकणारा म्हणतो जोडी घ्या, एकमेकांत रमतील. घ्यावीत?

उत्तर : नको. एकमेकांत रमतात हाच त्रास आहे, सख्खी पिल्लं एकमेकांनाच धरून राहतात, तुमच्याकडे बघत नाहीत, वेगळं केलं की रडून घर डोक्यावर घेतात आणि शिकवायचं सगळं दोनदा, तेही वेगवेगळं करून. दोन पिल्लं आणि एक म्हातारी, ती बिचारी उठून कुठे जाईल? आणि पाच आठवडे? २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, त्याच वयात ती आईकडून आणि भावंडांकडून चावताना जोर किती लावायचा ते शिकतात. जो हे मोडतोय त्याने लसी, जंत, काय सांभाळलं असेल? पार्वोचा, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू फरशीवर, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, लॅब्रेडॉरच्या लसी चालू नसतील तर आधी त्या द्या. पिल्लू हवंच असेल तर एक, आठ आठवड्यांनंतर, आई दाखवणाऱ्याकडून, आणि लॅब्रेडॉरसाठी एक खोली अशी ठेवा जिच्या दाराला जाळीचं फाटक आहे.